मोटारीवाचून एक बेट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांच्या आज्ञेवरून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. विषय त्यांनीच ठरवून दिला : 'साठीनंतरचा परदेशप्रवास.' विषय फार मोठा आणि आमचा अनुभव फार लहान. आम्ही आयुष्यात एकच परदेश पाहिला, आणि त्यातही खरा मुक्काम केला तो एका चिमुकल्या बेटावर. तेव्हा विषयाची व्याप्ती आपल्या अनुज्ञेने आवरून घेऊन आम्ही त्या एका बेटाविषयीच बोलणार आहोत. त्यास आणखी एक कारण आहे. पुढील वर्षी ज्येष्ठ सभासदांची चाळीस जणांची एक तुकडी प्रवासी कंपनीमार्फत चीनला न्यावी आणि तीत या बेटासाठी अर्धा दिवस राखावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना सद्धेतूने आलेली आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि त्या अर्ध्या दिवसास आमचा विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्याची संधी आम्ही या निमित्ताने साधत आहोत.

बेटाचे नाव गुलांगयू. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर फूच्येन प्रांतात श्यामेन नावाचे मोठे बंदर आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यास अमॉय म्हणत. त्या शहरासमोर सुमारे ६०० मीटर रुंदीच्या सामुद्रधुनीपलीकडे हे बेट आहे. क्षेत्रफळ १.८८ चौरस किलोमीटर. 'गु' म्हणजे नगारा, 'लांग' म्हणजे लाटा आणि 'यू' म्हणजे लहान बेट. किनाऱ्यावर एक भोक पडलेला खडक असून भरतीच्या लाटा त्यावर आदळल्या की नगाऱ्यासारखा ध्वनी उठतो, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. तेथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. इतकेच काय, सायकल चालविण्यासही मनाई आहे. अपवाद म्हणजे प्रवाशांना किनाऱ्याने फिरवून आणणाऱ्या विजेच्या लहान गाड्या आणि आग वा आजारपण अशा प्रसंगी लागणारी वाहने. बाकी सर्व व्यवहार पायी. ज्यांची घरे हमरस्त्यावर आहेत आणि ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत भोंग्यावाचून एक तासही काढलेला नाही, त्यांस हे ऐकून काय वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. कारण आम्ही त्यांतलेच एक आहोत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही उभयतां तेथे गेलो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी वाचता येते, बोलताना जीभ अडखळते, आणि चिनी भाषेचे तर एक अक्षरही ठाऊक नाही. जाण्याचे ठरल्यावर आप्तेष्टांनी नाना प्रकारे भीती घातली. या वयात कंपनीवाचून जाणे म्हणजे अविचार. शाकाहारी माणूस तेथे उपाशी मरेल. वाट चुकलात तर विचाराल कोणास? हे सर्व आम्ही शांतपणे ऐकून घेतले. आमच्या कुटुंबाने मात्र एकच प्रश्न केला : तेथे चढण किती आहे? त्यांचे गुडघे दुखतात. हा प्रश्न सर्व प्रश्नांहून अधिक शहाणपणाचा होता, कारण त्या बेटावर खरा विचार चढणीचाच करावा लागतो.

जाण्याची वाट थोडक्यात सांगतो. भारत आणि चीन यांमधील थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती. ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. प्रवासी परवाना आम्ही मुंबईतूनच घेतला होता. कोलकात्याहून विमानाने ग्वांगझू, आणि तेथून जलद आगगाडीने श्यामेन. गाडीत कागदी तिकीट लागत नाही, पारपत्र हेच तिकीट. बोटीचे तिकीटही पारपत्र दाखवूनच मिळते. ऑक्टोबर २०१४ पासून बाहेरच्या प्रवाशांचा धक्का वेगळा केलेला आहे. शहराच्या मध्यावरून पाच-सात मिनिटांत पलीकडे नेणाऱ्या बोटी दिवसा रहिवाशांसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि पाहुण्यांनी दूरच्या आगबोटींच्या धक्क्यावरून वीस मिनिटांचा प्रवास करावयाचा. जाऊन-येऊन साधे भाडे ३५ युआन, म्हणजे आपले साडेचारशे रुपयांच्या आसपास. कित्येक प्रवासी या व्यवस्थेवर कुरकुर करतात. आम्हांस ती न्यायाची वाटली. ज्या घरात आपण पाहुणे म्हणून जातो तेथील मुलांची शाळेची वेळ आपल्यामुळे चुकू नये.

आता सूचनेतील अर्धा दिवस. प्रवासी कंपन्या माणसे सकाळी दहाच्या सुमारास उतरवितात आणि दुपारी तीन-चारला परत नेतात. आम्ही पहिल्या दिवशी याच वेळात पोहोचलो. बेटावर दिवसाकाठी रहिवासी धरून ५०,००० माणसे, अशी कमाल मर्यादा घातलेली आहे. शिक्षकाची खोड म्हणून आम्ही बोटीतच त्रैराशिक मांडले : १.८८ चौरस किलोमीटर म्हणजे १८,८०,००० चौरस मीटर, भागिले ५०,०००, दर माणशी सुमारे साडेसदतीस चौरस मीटर. त्यात डोंगर आले, बागा आल्या, लोकांची घरे आली. उरलेल्या गल्ल्यांतून किती जागा मिळत असेल याचा हिशेब आपणच करावा. धक्क्याजवळच्या बाजारात निशाण उंच धरलेले वाटाडे पुढे आणि त्यांची तुकडी मागे, अशा दहा-बारा तुकड्या एकामागून एक जात होत्या. वधूवेशातील मुली छायाचित्रांसाठी दर वळणावर उभ्या होत्या. मोटारीचा भोंगा नव्हता हे खरे, परंतु शांतताही नव्हती. आम्ही त्याच दुपारी परतलो असतो तर घरी येऊन सांगितले असते की, गुलांगयूची ख्याती पोकळ आहे.

सायंकाळी सहानंतर परतीच्या बोटींना रांगा लागल्या आणि आठ-साडेआठपर्यंत गल्ल्या रिकाम्या झाल्या. आमचा उतारा टेकडीच्या उतारावरील एका जुन्या दुमजली घरात होता. घराच्या मालकीणबाई आमच्याच वयाच्या. सामान आत ठेवून आम्ही उभयतां बाहेर पडलो. फरसबंद वाट, दोन्ही बाजूंस उंच गडगे, गडग्यांतून बाहेर आलेल्या वडाच्या पारंब्या, आणि वर मंद दिवे. प्रथम ऐकू आली ती आमचीच पावले. मग कोणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज. मग एका खिडकीतून पियानो. कोणी लहान मूल एकच ओळ वाजवीत होते. त्याच ठिकाणी चुकत होते आणि पुन्हा पहिल्यापासून धरत होते. आम्ही उभे राहून मोजले. अकराव्या खेपेस ओळ साधली. आमच्या कुटुंबाने हलकेच टाळी वाजविली, आणि वर खिडकीत एक क्षणभर काहीच वाजेना.

या बेटास पियानोचे बेट म्हणतात. मिशनरी आले, प्रार्थनामंदिरे झाली, त्यांबरोबर वाद्ये आली, आणि पुढे घरोघरी मुलांना पियानो शिकविण्याचा परिपाठ पडला. १९६२ साली मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळविणारे यिन चंगत्सुंग याच बेटावर १९४१ साली जन्मले. हू योई नावाच्या, येथेच वाढून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या गृहस्थांनी जन्मभर जमविलेली जुनी वाद्ये मायभूमीस दिली. त्यांतून २००० साली पियानोंचे आणि २००५ साली ऑर्गनचे संग्रहालय उभे राहिले. ऑर्गन म्हणजे केवळ ख्रिस्ती मंदिरातले नळ्यांचे अजस्र धूड असे आपणांस वाटेल. परंतु पायाने भाता मारून वाजवावयाचे जे लहान ऑर्गन असतात, तेही त्या संग्रहात आहेत. आणि ती तर आपली पायपेटी! जिच्या सुरावर मराठी संगीत रंगभूमीने आपली नाटके उभी केली, तिची भावंडे अशी पूर्व समुद्रावर भेटावीत याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

परंतु बेटाचा पूर्वेतिहास इतका गोड नाही, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण त्यात आपलाही हात आहे. पहिल्या अफूच्या युद्धात २६ ऑगस्ट १८४१ रोजी इंग्रजांनी अमॉय घेतले आणि या बेटावर फौज बसविली. ती १८४५ पर्यंत तेथे होती. युद्ध कशासाठी, तर चीनने अफू नाकारू नये यासाठी. त्या अफूचा एक मोठा भाग माळव्यातील, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेला, आणि मुंबई बंदरातून जहाजांवर चढलेला. मुंबईतील कित्येक धर्मादाय संस्थांच्या पायाशी या व्यापाराचा पैसा आहे. हे आम्ही कोणास दूषण देण्यासाठी सांगत नाही. शाळेत आम्हीही अफूच्या युद्धाचा धडा शिकविला, परंतु नकाशावर मुंबईपासून त्या किनाऱ्यापर्यंत रेघ कधी ओढली नाही. १९०२ च्या करारान्वये बेट आंतरराष्ट्रीय वसाहत झाले. संपूर्ण चीनमध्ये अशा वसाहती दोनच, एक शांघायची आणि दुसरी ही. परकीयांची नगरपरिषद आली, तिचे न्यायालय आले आणि तिचे पोलीस आले. त्या पोलिसांत फेटेवाले शीख शिपाई होते. चिनी माणसास त्याच्याच गल्लीत दटावण्यासाठी साहेबाने आपला माणूस हजारो मैलांवरून आणून उभा केला! त्या वाटेने चालताना आम्हांस आपण अगदी परके आहोत असे वाटले नाही; अधिक बरे वाटले असेही नाही.

तरीही बेटाची खरी वास्तू घडविली ती परकीयांनी नव्हे, तर पोटासाठी परदेशी गेलेल्या आणि कमावून परतलेल्या चिनी लोकांनी. फिलिपाइन्स, जावा येथे पैसा करून ते आले आणि १९२०-३० च्या सुमारास त्यांनी येथे वाडे बांधले. ह्वांग यीचू हे त्यांतले मोठे नाव. वस्तरा घेऊन घर सोडलेला हा न्हाव्याचा धंदा करणारा तरुण जावामध्ये साखरेचा मोठा व्यापारी झाला, १९१९ साली परत आला, आणि श्यामेन शहरास नळाचे पाणी व दूरध्वनी मिळण्यात त्याचा मोठा वाटा होता. तैवान १८९५ साली जपानकडे गेल्यावर तेथून निघून आलेल्या लिन अरच्या यांनी १९१३ साली समुद्राला लागून शुच्वांग बाग केली. तीतील वळणावळणाचा पूल त्यांच्या वयाच्या ४४ व्या वर्षी झाला, म्हणून त्याचे नाव 'चव्वेचाळिसाचा पूल'. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने बेटास जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा तेथील ९३१ ऐतिहासिक इमारतींची नोंद झाली.

चढणीविषयी बोलावयाचे राहिले. बेटाचे सर्वांत उंच स्थान 'सूर्यप्रकाशाचा खडक'. उंची सुमारे ९३ मीटर. मजल फार नाही, पण पायऱ्या उभ्या आहेत. पायथ्याशी कुटुंब वडाखाली बसले आणि आम्ही एकटेच वर गेलो. वरून लाल कौलारू छपरे, भोवतीचे पाणी आणि पलीकडे श्यामेनच्या गगनचुंबी इमारती एका दृष्टिक्षेपात येतात. याच परिसरात सतराव्या शतकात चंग चंगकुंग, ज्यांस युरोपीय लोक कोक्सिंगा म्हणत, त्यांनी आपले आरमार शिकविले आणि १६६२ साली तैवानातून डचांना घालविले. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीस आरमाराचा पाया घातला तो साधारण याच काळी. समुद्रकाठी त्यांचा पंधरा मीटरांहून उंच पुतळा आहे. आम्ही खाली आलो तो कुटुंबाभोवती तेथील चार वृद्ध स्त्रिया जमलेल्या. एकीला आमच्या कुटुंबाच्या हातच्या बांगड्यांचे कौतुक, दुसरीने आपला गुडघा दाखवून काही सांगितलेले. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती; परंतु गुडघ्याला कोणते तेल चोळावे याचा निर्णय झालेला होता. कंपनीच्या वाटाड्याने एवढा वेळ एका वडाखाली दिला असता असे आम्हांस वाटत नाही.

ज्या गोष्टीने आम्हांस सर्वांत अधिक विचारात पाडले ती पहाटेची. सहाच्या सुमारास खडखड आवाजाने आम्ही जागे झालो. खिडकीतून पाहतो तो एक मनुष्य खांद्यावर पट्टा घेऊन दोन चाकांची फळ्यांची गाडी चढणीवर ओढीत होता. गाडीवर पाण्याच्या बाटल्यांची खोकी, भाजी, आणि तांदळाची पोती. मागून दुसरा रेटीत होता. मोटार नाही, म्हणजे तांदूळ, सिमेंट, कपाटे, कचरा, सर्व काही असेच वर जाते आणि असेच खाली येते. आम्ही जी शांतता ऐकावयास आलो होतो ती कोणाच्या तरी खांद्यावरून येत होती. आपले माथेरान डोळ्यांपुढे उभे राहिले. दस्तुरी नाक्यापुढे तेथेही मोटार जात नाही, आणि पिढ्यानुपिढ्या माणसाने माणसास हातरिक्षेत ओढले. ही प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. गुलांगयूत माणसे माणसास ओढीत नाहीत, हा भेद आहे; परंतु ओझे ओढतात. मोटारबंदी चांगली की वाईट, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही चांगली असेच म्हणू. पण पाहुण्याने निदान एवढे करावे की, आपली बोजड पेटी शहरातच ठेवून, पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच सामान घेऊन जावे. चाळीस माणसांच्या चाळीस पेट्या ती चढण कशा चढतील, याचाही कार्यकारी मंडळाने विचार करावा.

मालकीणबाईंशी आमचे बोलणे दूरध्वनीतील भाषांतराच्या यंत्राने होई. त्या म्हणाल्या की, बाजारहाट त्या पहाटेच उरकतात, कारण दहानंतर गल्लीतून भाजीची पिशवी नेणे कठीण. मुलगा पलीकडे श्यामेनला राहावयास गेला. त्याच्या मुलाची शाळा तेथे, नोकरी तेथे. शेजारची तीन घरे आता पाहुण्यांच्या खोल्या आणि मिठाईची दुकाने झाली आहेत. आम्ही विचारले, तुम्ही का नाही गेलात? यंत्राने जे उत्तर दाखविले ते असे : 'मला तिकडे झोप लागत नाही.' गेल्या काही दशकांत बेटाची कायमची वस्ती रोडावत गेली हे सर्वश्रुत आहे. शांतता पाहावयास येणाऱ्यांची सोय करता करता शांततेत राहणारे निघून जातात, ही तेथील आजची अडचण आहे, आणि अर्ध्या दिवसाची तुकडी ती वाढविते. मुक्कामी राहणारा निदान त्यांच्या दाराशी थांबतो, चार पैसे त्यांच्या हाती ठेवतो, आणि पहाटे त्यांच्याच बाजारातून केळी विकत घेतो.

शिक्षक म्हणून आम्ही दोन ठिकाणे मुद्दाम पाहिली. एक तेथील बालवाडी. तिची परंपरा १८९८ पर्यंत मागे जाते, आणि चीनमधील अगदी पहिल्या बालवाड्यांत तिची गणना होते. आत जाण्याची परवानगी मागणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. फाटकाबाहेरून मुलांचा गलका ऐकला, तो आपल्या मुलांच्या गलक्याहून तसूभरही निराळा नव्हता. दुसरे ठिकाण डॉक्टर लिन च्याओची यांचे स्मृति-उद्यान. या बाईंचा जन्म येथेच १९०१ साली झाला. पेकिंगच्या वैद्यक महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत, शेजारी एक मुलगी मूर्च्छित पडली म्हणून, त्या आपला पेपर अर्धवट सोडून तिच्या शुश्रूषेस गेल्या, आणि तरीही परीक्षकांनी त्यांस घेतले, अशी हकीकत सांगतात. पुढे त्या प्रसूतिशास्त्रात निष्णात झाल्या. स्वतः अविवाहित राहिल्या, आणि १९८३ साली निवर्तल्या तेव्हा त्यांच्या हातून पन्नास हजारांहून अधिक बालके जगात आलेली होती. आम्ही परीक्षागृहावर देखरेखीस अनेक वर्षे उभे राहिलो. पेपर सोडून उठलेल्या मुलीस आम्ही काय म्हटले असते, याचा विचार त्या बागेत बसून पुष्कळ वेळ केला.

आता अन्नाचा प्रश्न. आपल्या मंडळींस इतिहासापेक्षा त्याचीच काळजी अधिक, हे आम्ही जाणून आहोत. चिनीत 'सु' या अर्थाचे एक अक्षर आहे, त्याचा अर्थ शाकाहारी. 'मांस नको, मासे नको, अंडे नको, चरबी नको' असे चिनीत लिहिलेली चिठ्ठी आम्ही खिशात बाळगली होती. तिने नव्वद टक्के काम झाले. श्यामेनमध्ये विद्यापीठाशेजारी नान्पुतुओ हे पुरातन बौद्ध मंदिर आहे. तेथील भोजनालय शाकाहारी असून फार प्रसिद्ध आहे. बौद्ध पाकपरंपरेत कांदालसूणही वर्ज्य. आमच्या कुटुंबास चातुर्मासात बसल्यासारखे वाटले. शेंगदाण्याची गोड, दाट पेज तेथे सकाळी पितात, ती आम्हांस अतिशय आवडली. बेटावर हिरव्या मुगाचे पुरण भरलेल्या लहान पोळ्या सर्वत्र विकतात. दिसावयास सात्त्विक, परंतु पारंपरिक कृतीत डुकराची चरबी घालतात, म्हणून चिठ्ठी दाखविल्यावाचून तोंडात टाकू नये. पैशाचे व्यवहार बहुतेक दूरध्वनीवरून होतात. निघण्यापूर्वी अलिपे नावाच्या व्यवस्थेत आपले परदेशी चालणारे कार्ड जोडून घ्यावे, आणि थोडी रोकड जवळ असू द्यावी. आपल्याकडचे नेहमीचे नकाशे व निरोप पाठविण्याची साधने तेथील जाळ्यावर चालत नाहीत. भाषांतराचे यंत्र जाळ्यावाचून चालेल असे आधीच भरून घ्यावे. ते काम आमच्या पुतण्याने दहा मिनिटांत केले, आणि आम्हांस शिकविण्यास त्यास दोन दिवस लागले.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमारास निवडावा. त्यातही चिनी नववर्षाची सुट्टी टाळावी, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर कटाक्षाने टाळावा. जुलै ते सप्टेंबर वादळांचा हंगाम असतो. सप्टेंबर २०१६ मधील मेरांती वादळाने तेथील कित्येक जुने वृक्ष उन्मळून टाकले. एक गोष्ट मात्र उन्हाळ्यात गेल्यावाचून दिसत नाही, आणि तिची आम्हांस हळहळ आहे. श्यामेनचा नगरवृक्ष कोणता म्हणाल? गुलमोहर! आमच्या शाळेच्या आवारातला, ज्याच्या फुलांनी वार्षिक परीक्षा जवळ आल्याची वर्दी द्यावी, तोच. आम्ही पाहिला तेव्हा त्यास केवळ शेंगा होत्या.

शेवटी एका आक्षेपाचे उत्तर देणे भाग आहे. आमच्या एका मित्राने आम्हांस रागावून विचारले : जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, त्या देशात तुम्ही हौसेने कसे जाता? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. आमच्या गावातील एक मुलगा, आमचाच विद्यार्थी, सैन्यात आहे. जाण्यापूर्वी आम्ही त्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, 'गुरुजी, तुम्ही अवश्य जा. आम्ही सीमेवर उभे आहोत ते तुम्हांला घरात कोंडण्यासाठी नव्हे.' सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली त्याच देशात जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव तेथे आजही आदराने घेतात. सरकारांचे भांडण मिटले असे आम्ही म्हणत नाही, आणि ज्याचे मन घेत नसेल त्याने जाऊ नये. परंतु जावयाचे ठरलेच तर माणसांस भेटता येईल अशा रीतीने जावे. काचेच्या बसमधून निशाणामागे जाऊन ते होत नाही.

तेव्हा आमची उपसूचना अशी. चाळीसांची तुकडी मोडून दोन-दोन, चार-चार जणांनी जावे. बेटावर किमान दोन रात्री मुक्काम करावा. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सपाट भागातला, धक्क्यालगतचा उतारा घ्यावा. खर्च कंपनीच्या आकाराहून अधिक येत नाही. आमचा पै-पैचा हिशेब आम्ही आणलेला आहे. चिनी अक्षरांतील अन्नाची चिठ्ठी, रेल्वे व बोट यांची तिकिटे काढण्याची रीत, आणि उताऱ्यांना लिहावयाच्या पत्राचा नमुना, अशा प्रत्येकी तीस प्रती काढून चिटणिसांकडे दिल्या आहेत. कार्यकारी मंडळाची बैठक पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. ज्यांस त्यापूर्वी काही विचारावयाचे असेल, त्यांनी सायंकाळी पाचनंतर आमच्या घरी यावे. आमचे कुटुंब ती शेंगदाण्याची पेज करावयास शिकून आले आहे, तीही चाखावयास मिळेल.